शून्य नंबर

डोळ्यांनी नीट दिसत नाही असं आत्या म्हणाली, तेव्हापासून घरात तिच्या डोळ्यांची सोडून बाकी सगळ्याची तपासणी झाली. जेवण जातं, झोप लागते, मग काजं करतानाच कसं दिसत नाही? भाचेसून घरी शिवणकाम करायची आणि काजं सगळी आत्याच्या हातची. आत्याने सुई ठेवली की काजं भाचेसुनेच्या गळ्यात पडणार, हे खरं दुखणं.

भाच्याचं चष्म्याचं दुकान होतं, डोळे तपासायचं मशीनही होतं. पण घरच्याच आत्याला मशीनपुढे कोण बसवतो? त्याने आयता चष्मा आणला आणि स्वतःच्या हातांनी तिच्या नाकावर चढवला. आत्याला भरून आलं. याच पोराचं वाहतं नाक तिने वर्षानुवर्षं पुसलं होतं.

"दिसतंय का गं आता?"

दोरा होता तसाच धुरकट होता. पण पोराने एवढ्या हौसेनं आणलेलं, त्याला नावं कशी ठेवायची?

"लख्ख दिसतंय बघ!"

"ऐकलंस?" भाचा बायकोकडे वळला. "याला प्लेनो म्हणतात. नंबर शून्य, नुसती काच! कुणी मिरवायला घालतं, कुणी धुळीसाठी. आम्ही सोंगं पकडायलाही वापरतो."

"पडलं एकदाचं पितळ उघडं!" भाचेसून पोट धरून हसली.

अरे, तुझं मन राखलं रे मी, असं आत्याला म्हणायचं होतं. पण आता कोण ऐकणार? खोटारडी ती ठरलीच होती. तिने मुकाट्याने सुई हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी काज चिरताना पातं कापडाऐवजी तिच्या अंगठ्यात शिरलं. शिवायला आलेल्या पांढऱ्या कोटावर रक्त सांडलं. भाचेसुनेने आधी कोट नळाखाली धरला.

"मुद्दाम केलं हिने! बघा तुम्हीच!"

भाच्याने आत्याचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांत टॉर्च मारली. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकत आला होता. ते कळायला त्याला मशीन लागत नव्हतं. आत्याला वाटलं, आता तरी हा बोलेल.

त्याने टॉर्च विझवली.

"काय निघालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही." त्याने चष्मा आत्याच्या हातात दिला. "जरा पुसून घालत जा गं."

आत्याने कापलेला अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने काच पुसायला घेतली.