चार मुलांच्या बँडमधली पाचवी

मित्रांनो, मी एक बास गिटार आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा शांत आणि सोशीक असतात. मी तशी नाही. मला राग आलेला आहे, आणि तीन वर्षे झाली तरी तो उतरलेला नाही.

भाईंदरजवळच्या नवघरमधल्या एका चाळीत, दोन खोल्यांच्या घरात, मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते. माझ्या शेजारी सागवानी लाकडाची एक चौकट आहे. तिच्यात काचेखाली एका साप्ताहिकाचे कात्रण आहे. घरी आलेला पाहुणा आधी ते कात्रण वाचतो, मग चौकटीच्या खालच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले वाचतो आणि पुन्हा कात्रणाकडे वळतो. तिथे काय लिहिले आहे ते मी शेवटी सांगणार आहे. आधी तुम्हालाही माझ्याइतका राग यायला हवा.

माझे लाकूड शेजारच्या खारी गावातले. तिथे एका विहिरीच्या काठावर फणस उभा होता. नव्या इमारतीला जागा हवी म्हणून तो तोडला. त्या इमारतीच्या दारांच्या चौकटी कोंडिराम पाईकराव करत होते. परभणीकडून आलेला हा माणूस एरवी सुतार आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या दिवसांत गायन पार्टीतला ढोलकीवाला. फणसाचे लाकूड चांगले बोलते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी खोडाचा एक तुकडा मागून घेतला, खांद्यावर टाकून घरी आणला आणि पोटमाळ्यावर वर्षभर वाळू दिला. त्यातून ते नवी ढोलकी करणार होते. पण त्यांची मुलगी संघप्रिया म्हणाली, "बाबा, मला बास करून द्या ना."

"ते काय असतंय माय?"

"गिटारच. पण जाड तारांची. तुमच्या ढोलकीच्या डाव्या बाजूसारखी घुमते."

एवढे बोलणे पुरले. पावसाच्या पाण्यात भिजून फुगलेली एक बास गिटार संघप्रियाने कुठून तरी मिळवली होती. तिच्या खुंट्या, पितळी पट्ट्या आणि तारांचा आवाज पकडणारे चुंबक काढून घेतले, तिचे माप घेतले आणि कोंडिराम कामाला लागले. "आता भाकरीत पण भुसा येतोय," असे संघप्रियाची आई कांताबाई रोज म्हणत, आणि रोज तो झाडून घेत. १९९३ च्या हिवाळ्यात मी तयार झाले. देखणी काही नव्हते. माझे पोट जरा जाडच राहिले आणि मानेवर लाकडाची एक गाठ दिसते. पण मला पहिल्यांदा ॲम्प्लिफायरला जोडले तेव्हा फळीवरचे स्टीलचे डबे थरथरले आणि कोंडिराम मोठ्याने हसले.

तेव्हा नवघरमध्ये 'मिठागर' नावाचा एक बँड जमत होता. दादरहून राहायला आलेल्या एका बँक कारकुनाचा मुलगा पराग गायचा. ड्रमवर बंटी होता. किरीटकडे त्याच्या मामाने परदेशातून आणलेला कीबोर्ड होता. उत्तनचा सायमन ट्रंपेट फुंकायचा. आणि बासवर संघप्रिया. मोजा बरे, किती झाले? पाच. हा आकडा लक्षात ठेवा.

दर रविवारी भांड्यांचा कारखाना बंद असला की त्याच्या शेडमध्ये आमची तालीम चाले. या मंडळींच्या संगीताला फंक म्हणतात. फंक म्हणजे काय, असे सायमनच्या आईने विचारले तेव्हा बंटी म्हणाला, "आंटी, जो गाना कान से पहले कमर को समजता है." संघप्रियाने ते कोणाकडून शिकले नाही. ती लहानपणापासून वडिलांच्या ढोलकीशेजारी बसत आली होती. डाव्या पुडीच्या कातड्यावर घुमारा, उजव्या पुडीवर टणत्कार. तेच तिने माझ्यावर केले. अंगठ्याने जाड तारेवर थाप मारायची आणि तर्जनीने बारीक तार ओढून सोडायची. 'पाणी आलं का' नावाचे त्यांचे एक गाणे होते, इमारतीच्या जिन्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बायकांचे. त्या गाण्यात मी सुरू झाले की ऐकणाऱ्यांचे पाय आपोआप हलायचे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. तसे होतेच.

आता कोंडिरामांच्या गायन पार्टीतला एक नेम सांगते, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. शेवटच्या गाण्याआधी गायक थांबायचा आणि साथीदारांची नावे घ्यायचा. हार्मोनियमवर कोण, ढोलकीवर कोण, कोरसला कोण, अगदी मंडप कोणी बांधला तेही. नाव घेतले की त्या माणसाने आपल्या वाद्यावर एक छोटा तुकडा वाजवायचा. ज्याचे नाव राहिले, त्याने हात मांडीवर ठेवून बसायचे. भांडायचे नाही, उठून जायचे नाही, फक्त वाजवायचे नाही. गायकाच्या लक्षात येईपर्यंत गाणे लंगडत चालायचे. कोंडिराम मुलीला सांगत, "नाव घेतल्याबिगर साथ द्यायची न्हाई, माय. आपल्या मानसांची नावं लई वर्षं कुणी घेतलीच न्हाईत."

१९९५ च्या जानेवारीत नवघरच्या एका शाळेच्या मैदानावर 'मिठागर'चा कार्यक्रम झाला. शहरातल्या एका वजनदार साप्ताहिकाचे संगीत समीक्षक गुणवंतराव मुद्दाम आले होते. स्टेज लहान होते आणि माझी वायर तोकडी होती. म्हणून संघप्रिया मोठ्या स्पीकरच्या आडोशाला, एका कोपऱ्यात उभी राहिली. तिला त्याचे काही वाटले नाही. कार्यक्रम असा रंगला की लोकांनी 'पाणी आलं का' तीनदा म्हणायला लावले. जाताना गुणवंतराव परागला म्हणाले, "गुरुवारचा अंक बघा."

कोंडिरामांनी बुधवारी काम लवकर आटोपले आणि उत्तम सागवानाच्या पट्ट्या घेऊन घरी चौकट करायला बसले. कोपरे जुळवले, काच बसवली, दोनदा पॉलिश मारले. लेकीचे नाव छापून येणार होते. आमच्या घरातल्या कोणाचेही नाव त्याआधी छापून आले नव्हते, मतदारयादी सोडली तर.

गुरुवारी लेख आला. कांताबाईंनी तो मोठ्याने वाचला. "चार तरुणांचा हा बँड म्हणजे खाऱ्या जमिनीत आलेले गोड पीक आहे," अशी सुरुवात होती. परागच्या आवाजावर अर्धा रकाना होता. बंटी, किरीट, सायमन यांची नावे ठळक होती. आणि मग हे: "त्यांच्या कीबोर्डात दडलेल्या कोणत्या तरी परदेशी यंत्रातून एक विलक्षण घुमारा निघतो. तोच या बँडचा प्राण आहे. असा ठोका आपल्या मातीत तयार होत नाही."

मित्रांनो, आपल्या मातीत तयार होत नाही! मी खारीच्या विहिरीचे पाणी पिऊन वाढलेल्या झाडाची! माझ्यावर पडणारी थाप परभणीच्या ढोलकीची! दोन तास समोर बसून या गृहस्थांनी आवाज ऐकला, आणि तो येतो कुठून हे बघायला त्यांना मान वाकडी करवली नाही. कोणाला विचारले तरी सांगितले असते. शिव्या दिल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. पण त्यांनी आमचेच भरभरून कौतुक केले आणि ते दुसऱ्याच्या पदरात टाकले. याला काय म्हणावे?

कांताबाईंनी वाचणे थांबवले. कोंडिरामांनी विचारले, "पुढं?" त्या म्हणाल्या, "संपलं." कोंडिरामांनी ती कोरी चौकट उचलली आणि कपाटामागे ठेवून दिली.

रविवारी तालमीला संघप्रिया परागला म्हणाली, "त्यांना एक पत्र टाक ना. पाच जण आहोत म्हणून."

"अगं, सोड ना यार. प्रेसवाले असंच लिहितात."

"चूक आहे ती, पराग."

"मला कळतंय गं. पण आत्ताच कॅसेट कंपनीचा माणूस येतोय. गुणवंतरावांना चूक दाखवली तर ते नाराज होतील. पुढच्या शोला मीच माइकवर सांगतो. नावं घेताना तुझं पहिलं घेईन. आईशप्पथ."

पराग वाईट मुलगा नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसावर रागावणे सोपे असते. संघप्रियाने त्याच्यावर विश्वास ठेवला. मार्चमध्ये कंपनीने भाईंदरच्या मैदानावर मोठा कार्यक्रम ठरवला. स्टेजमागे रंगवलेला बोर्ड लावला होता: 'मिठागरची चौकडी', आणि खाली चार चेहरे. तो बोर्ड बघून बंटी म्हणाला, "ये क्या है?" पराग म्हणाला, "कंपनीने बनवलाय, मी काय करू?" या वेळी माझी वायर लांब होती. संघप्रिया स्पीकरच्या पुढे, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. कोंडिराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पाचव्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत कंपनीचा माणूस आणि गुणवंतराव होते.

चार गाणी झाली. शेवटचे 'पाणी आलं का' राहिले. पराग माइकपाशी आला. "ड्रम्सवर, बंटी!" बंटीने ड्रम कडाडवले. "कीबोर्डवर किरीट! ट्रंपेटवर सायमन! आणि मी, तुमचा पराग!" मग तो थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले. मग पहिल्या रांगेकडे पाहिले, मग मागच्या बोर्डावरच्या चार चेहऱ्यांकडे. त्याच्या ओठांवर नाव आले होते, हे मी अगदी जवळून पाहिले आहे. ते त्याने गिळले आणि म्हणाला, "वन, टू, थ्री, फोर!"

संघप्रियाने आपला तळहात माझ्या चारही तारांवर सपाट ठेवला. मला ओरडायचे होते. मित्रांनो, तार दाबून धरलेल्या वाद्याला ओरडता येत नाही. गाणे सुरू झाले, आणि मीठ विसरलेल्या आमटीसारखे लागू लागले. ट्रंपेट वाजत होती, ड्रम वाजत होते, पण लोकांचे पाय जागचे हलेनात. तिसऱ्या रांगेत जवळच्याच मुर्धा गावच्या एक कोळीणबाई होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगो, ती पोर का वाजवत न्हाय? ती वाजवल तवाच मजा हाय!"

त्यांना दिसले! तिसऱ्या रांगेतून दिसले! त्यांच्या दोनच रांगा पुढे बसलेले गुणवंतराव मात्र मान उंचावून किरीटच्या कीबोर्डाकडे बघत होते.

बंटीने काठ्या खाली ठेवल्या. "पराग, नाम बोल ना उसका. एक नाम लेने में क्या जाता है?"

पराग माइकमध्ये म्हणाला, "सॉरी, थोडा टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

संघप्रियाने माझी वायर काढली, मला गोधडीच्या पिशवीत घातले आणि ती स्टेजवरून उतरली. कोंडिराम रांगेच्या टोकाशी उभेच होते. ज्या खांद्यावरून त्यांनी तो ओंडका आणला होता, त्याच खांद्यावर त्यांनी मला घेतले.

पुढे 'मिठागर'ची कॅसेट निघाली, चार चेहऱ्यांची. पानाच्या दुकानांवर काही महिने वाजली, मग वाजेनाशी झाली. मी वर्षभर खिळ्यावर होते. खाडीच्या हवेने माझ्या तारा गंजल्या, पोटावर बुरशीचा डाग पडला, एक खुंटी अडकली. संघप्रिया नोकरीला लागली. घरात ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मला ते समजत होते. मग पुढच्या वर्षीच्या जयंतीला कोंडिरामांनीच मला खाली उतरवले, खुंटीला तेल दिले आणि तिच्या मांडीवर ठेवले. त्या कार्यक्रमात गायकाने सगळ्यांत आधी नाव घेतले, "बासवर साथ, संघप्रिया पाईकराव!" तिने माझ्यावर असा तुकडा वाजवला की मंडपाचे बांबू घुमले. बंटी तेव्हापासून दर जयंतीला आमच्याकडे येऊन वाजवतो. माझा राग तेवढ्यापुरता निवतो. मग मी परत खिळ्यावर येते आणि शेजारची चौकट दिसते.

आता तिचे सांगते. त्या मार्चमधल्या कार्यक्रमानंतरच्या गुरुवारी गुणवंतरावांचा दुसरा लेख आला होता. कांताबाईंनी तो वाचला: "दुर्दैवाने त्या संध्याकाळी कीबोर्डातले ते अजब यंत्र बिघडले आणि सारा कार्यक्रम अळणी झाला. या बँडचा प्राण त्या यंत्रातच आहे, हे आता सिद्ध झाले. आयोजकांनी ते तातडीने दुरुस्त करून घ्यावे."

संघप्रिया आधी हसली. खूप हसली, आणि हसता हसता रडायला लागली. कोंडिराम उठले. त्यांनी कपाटामागची कोरी चौकट काढली, लेख नीट कापून काचेखाली बसवला आणि ती माझ्या शेजारी ठोकली. मग कानावरची सुतारकामाची पेन्सिल घेतली आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर, एकेक अक्षर सावकाश काढत लिहिले:

'यंत्राचे नाव: संघप्रिया कोंडिराम पाईकराव.'

त्याखाली त्यांनी आणखी दोन शब्द लिहिले. 'फणस, खारी.'

मित्रांनो, कौतुक जरूर करा. पण आधी मान वाकडी करून कोपऱ्यात बघा, आणि नाव विचारा. आणि कधी आमच्या घरी आलात, चौकटीवर धूळ दिसली आणि ती पुसावीशी वाटली, तर फडका जपून फिरवा. ते नाव पेन्सिलीने लिहिलेले आहे.