मोत्याची बाजू

लखनने फेटिया चढवला आणि राजदीप हसता हसता दगडावरून घसरून थेट पाण्यात बसला.

फेटिया म्हणजे खरं तर कमरेला अडकवायचा रबरी घागरा. त्याची खालची कड कयाकच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीच्या, तोंडावर घट्ट ताणून बसवली की आत पाणी शिरत नाही. त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. पण लखनच्या तांड्यातल्या लालीबाईने तो पहिल्यांदा दोरीवर वाळत घातलेला पाहिला आणि विचारलं, "हा कोणाचा फेटिया बाप्पा? ना आरसे, ना कवड्या!" तेव्हापासून बंजारा बायकांच्या घेरदार घागऱ्याचंच नाव त्याला चिकटलं.

"हसून घे लेका," लखन म्हणाला. "आज चौथा धबधबा मीच उतरतो. नावही ठरवून ठेवलं आहे. प्रियंकाची डुबकी."

प्रियंकाने वल्हं उगारलं. "ठेवून तर पाह्य!"

"कायले चिडून राह्यली वं? त्याच्यात सगळ्यात जास्त तूच डुबली. हक्काचं नाव आहे."

चिडण्यासारखंच होतं. पांढरकवड्याच्या जंगलातून उतरणाऱ्या कोसमदऱ्याच्या नाल्याला एकामागे एक चार धबधबे आहेत. ऋषिकेशच्या एका राफ्टिंग कॅम्पात काम करून लखन परतला तो पोचे पडलेल्या जुन्या कयाक ट्रकवर लादूनच, आणि नाला भरला की हे तिघे कॉलेजसोबती सुट्ट्या जुळवून इथे यायला लागले. नियम पहिल्याच दिवशी ठरला होता. जो न उलटता पहिल्यांदा उतरेल त्याने त्या धबधब्याचं नाव ठेवायचं, आणि ते पुन्हा कधी बदलायचं नाही. पहिला धबधबा लखनने जिंकला. वरून सभ्य दिसतो आणि खाली नेऊन आपटतो, म्हणून तो सासरा. दुसरा राजदीपने जिंकला. राजदीप वणीकडच्या कोळसा खाणीत डंपर चालवतो, आणि हा धबधबाही माणसाला मागून उचलून ओततो, म्हणून तो डंपर. तिसरा पुन्हा लखनचा. सासऱ्यापेक्षा त्याचा आवाज मोठा, म्हणून ती सासू. प्रियंकाच्या नावावर अजून काहीच नव्हतं.

नावं तिघांतच राहिली असती तर बिघडलं नसतं. पण गुराख्यांनी ती उचलली. "म्हैस सासूपाशी बसून आहे" असं लोक सहज बोलायला लागले. आणि प्रियंका याच रस्त्यावरच्या एसटीत कंडक्टर. उद्या एखादी म्हातारी पिशवी सावरत म्हणाली, "बाई, एक प्रियंकाची डुबकी दे वं," तर ते तिकीट तिलाच काढून द्यायचं होतं, आणि तेही जन्मभर.

त्या दिवशी सासरा खुशीत होता. तिघंही त्याच्या पाठीवरून ओरडत घसरले, खालच्या फेसात पार गडप झाले आणि बुचासारखे वर आले. डंपरपाशी मात्र घोटाळा झाला. राजदीप आधी उतरून खाली उभा होता. तो ओरडला, "डावीकडं! डावीकडं!" लखनने बोट डावीकडे घातली आणि ती सुसाट जाऊन काठावरच्या बेशरमाच्या झुडपात घुसली.

"अबे, माही डावी म्हटलं मी!"

"तू माह्याकडं तोंड करून उभा! तुही डावी माह्या काय कामाची?" झुडपातून लखनचं फक्त हेल्मेट दिसत होतं आणि त्यावर जांभळं फूल.

प्रियंका इतकी हसली की तिला सासूपर्यंत नीट वल्हवताच येईना. सासूने तिला हसतच खाली नेलं.

मग आला चौथा. त्याच्या कड्यावर मधोमध म्हशीच्या पाठीसारखा काळा खडक आहे, आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी कोसळतं. पायथा वरून दिसत नाही. आजवर सगळे डावीकडूनच गेले होते, कारण तिकडे पाणी जास्त. आणि सगळे उलटलेही होते. उजवीकडे नुसता ओला खडक असायचा. पण काल वर जंगलात जोराचा पाऊस झाला होता, तेव्हा पाण्याने कुठली वाट धरली आहे ते खाली जाऊन पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

"खाली उभा राहीन तो सांगीन," लखन म्हणाला. "पण डावं-उजवं नोको. बैलाचं नाव घेऊ. बैल काही उलटं तोंड करून चालत नाही. मोत्या म्हटलं की मोत्याची बाजू, चांद्या म्हटलं की चांद्याची. तुमच्याकडंही होते ना मोत्या-चांद्या?"

"होते ना! बाबाच्या बैलबंडीवरच तं वाढली मी."

"आमच्याकडं बकऱ्या होत्या," राजदीप म्हणाला.

"मंग तू बोलू नोको. दोर पकडाले चाल."

आधी लखनने जायचं की प्रियंकाने, हे ठरवायला राजदीपने आपला बूट उडवला. तो सुलटा पडला. प्रियंकाची पाळी! लखनने बुटाकडे असं पाहिलं की जणू तो फितूर झाला. मग दोघं काठाकाठाने खाली उतरले.

प्रियंका एकटीच वरच्या संथ पाण्यात राहिली. सागाची पानं टपटपत होती. घाबरली होती ती, आणि तरीही तिला हसू फुटत होतं, भर वर्गात फुटतं तसं. बस सोडताना देते तशा तिने मनातल्या मनात दोन घंट्या दिल्या. टण, टण.

बोट प्रवाहात शिरली. काळा खडक धावत अंगावर आला. खालून, फेसाच्या गदारोळातून लखनचा आवाज आला.

"मोत्याऽऽ! मोत्याऽऽ!"

उजवीकडून? तिकडून तर कधी कोणी गेलंच नव्हतं! पण खालचा माणूस पाहून सांगत होता. तिने वल्हं खोल रोवलं आणि बोट उजवीकडे फेकली.

"मोत्या वं! मोत्याऽऽ!" लखनचा आवाज चिरकला.

"हाव, मोत्याच!" ती ओरडली. कड्यावर शेवटचं वल्हं सपाटून मारलं, बोटीचं नाक उचललं आणि खालचं जग निघून गेलं.

कालच्या पावसाने उजवीकडच्या खडकावर पाण्याची गुळगुळीत घसरगुंडी झाली होती. खालून मात्र ती फेसाच्या पडद्याआड लपली होती. बोट तिच्यावरून तुपासारखी ओघळली, डोहात थपकन बसली, थोडी डुलली आणि सरळ उभी राहिली. प्रियंकाच्या डोळ्यांत साधं पाणीही गेलं नव्हतं.

राजदीप दोर टाकून नाचायला लागला. लखन तोंड उघडं टाकून उभा होता.

"मी मोत्या म्हणलो होतो!"

"मोत्याकडूनच तं आली."

"मोत्या डावा असते!"

"मोत्या उजवा असते. चांद्या डावा."

"साऱ्या जगात मोत्या डावीकडं जुपते! चुकून उतरली ही. धरायचं नाही."

"नियमात 'न उलटता' आहे," राजदीप म्हणाला. "मुद्दाम की चुकून, काही नाही लिहिलं."

"बकऱ्यावाल्या, तू चूप!"

वाद काही मिटेना, तेव्हा प्रियंकाने पाणीबंद पिशवीतून फोन काढला, रेंजसाठी उंच दगडावर चढली आणि राळेगावला बाबांना लावला. स्पीकर सुरू केला.

"बाबा, आपला मोत्या कोण्या बाजूले होता?"

"उजव्या," श्रावणबाबा क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "डावीकडं जुपलं का तो बसूनच जाय. लई हट्टी. काहून वं? कोणी बैल घेऊन राह्यलं काय?"

"नाही बाबा. धबधब्याचं नाव ठेवून राह्यलो."

"जेवली का तू?" बाबांनी काळजीने विचारलं.

अशा रीतीने चौथ्या धबधब्याचं नाव मोत्या पडलं. लखनने ते मान्य केलं, पण आपणही आजच उतरणार म्हणून हटून बसला. कयाक खांद्यावर टाकून तो वर गेला आणि प्रियंका दोर घेऊन खाली उभी राहिली. थोड्या वेळाने काळ्या खडकामागे त्याचं हेल्मेट चमकलं.

"सांग वं, कोणती बाजू?"

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडली, "मोत्याऽऽ!"

लखनला सगळं ठाऊक होतं. कोणाचा मोत्या, कुठला मोत्या, आत्ताच तर भांडून झालं होतं. पण हात लहानपणापासून त्याच्याच घरच्या बैलांच्या सवयीचे. ते आपसूक डावीकडे वळले.

"अबे, माहा मोत्या!" प्रियंका किंचाळली.

बोट उलटली आणि फेटिया तेवढा आधी वर आला. मग लखन आला, तोंडातून कारंजं उडवत आणि खो खो हसत. तिने दोर फेकला. त्याने तो धरला, पण ओढून घ्यायचंही त्याला सुधरत नव्हतं.

"कंडक्टरबाई," तो कसाबसा म्हणाला, "या बाजूचं नाव अजून बाकी आहे. 'लखनची डुबकी' मनात आलं असन, तं कोणाले सांगू नोका."