रंगाआडचे पाणी

त्या रंगाऱ्याला एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्याने रंगविलेल्या भिंतीवरून हात फिरविला असता हाताला खड्डा, ओरखडा किंवा ब्रशाची रेघ यांपैकी काहीही लागत नसे. गिऱ्हाइके त्याला कौतुकाने ‘मुलायम’ म्हणत, आणि तेच नाव पुढे घरीदारी रुळले. मात्र ज्या दिवसाची ही हकीकत आहे, त्या दिवशी हाच मुलायमपणा त्याच्या अंगाशी आला.

मुलायम, त्याची पत्नी आणि सासूबाई असे तिघांचे बिऱ्हाड एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली एका शिंप्याचे दुकान होते. शिंप्याच्या छतातून पाणी ठिबकू लागले व इस्त्री करून ठेवलेल्या कपड्यांवर तपकिरी डाग उमटू लागले, तेव्हा त्याने ही गोष्ट घराच्या मालकीणबाईंच्या कानावर घातली. बाई करड्या खऱ्या, परंतु अन्यायी नव्हत्या.

“गळती असेल तर आत्ताच सांगा,” वर येऊन त्या म्हणाल्या. “दुरुस्त करता येईल. पण लपवलंत आणि माझं घर कुजलं, तर तुमचं बिऱ्हाड हलवायचं. मग रडगाणं ऐकणार नाही.”

मुलायमने त्यांना न्हाणीघराची भिंत दाखविली. “हात लावून बघा ना, बाई. ठणठणीत कोरडी.”

भिंत हाताला कोरडीच लागली. कारण तेथे उमटलेला ओलीचा डाग खरवडून त्याने त्यावर रबरासारख्या जलरोधक रंगाचे जाड थर नुकतेच चढविले होते. ओल म्हणजे भिंतीचा त्वचारोग, वरून लेप दिला की बरा होतो, अशी त्याची आयुष्यभराची समजूत होती. आतून जाणाऱ्या नळीलाच काही झाले असावे, ही शंका त्याला शिवली नव्हती असे नव्हे. तथापि रंगाचे डबे, शिडी आणि सासूबाई यांच्यासह बिऱ्हाड ठेवून घेणारा दुसरा घरमालक त्याला कोठेही मिळाला नव्हता. तस्मात् ती शंकाही त्याने रंगाखाली गाडून टाकली.

शिंप्याचे छत मात्र ठिबकतच राहिले. शेवटी मालकीणबाईंचा निरोप आला : प्लंबरला घेऊन येते, सगळे नळ घट्ट बंद करून ठेवा.

त्या दिवशी मुलायम भिंतीवर शेवटची नजर टाकण्यासाठी न्हाणीघरात शिरला आणि रंगाचा वास बाहेर पसरू नये म्हणून त्याने दार लोटून घेतले. दार नेहमीपेक्षा जड गेले व चौकटीत करकचून रुतले. काम उरकून तो निघाला, तेव्हा ते तसूभरही हलेना.

“अहो, या ना बाहेर! बाई येतील इतक्यात,” पत्नीने हाक मारली.

“दार अडकलंय.”

“अडकलंय म्हणजे? तुम्हीच लावलंत ना?”

“लावलं मी, पण उघडायला ते तयार नाही!”

सासूबाईंनी बाहेरून दारावर काठी आपटली. “जावईबापू, ताकद लावा! रंगाच्या बादल्या उचलता ना रोज?”

त्याने ताकद लावली. खांदा दुखावला, दार जागचे हलले नाही. हेच दार चौकटीला घासते म्हणून त्याने मागे एकदा कडेने तासून घेतले होते व लाकूड कच्चे आहे म्हणून सुताराला शिव्या मोजल्या होत्या. बिजागऱ्या आतल्या बाजूस होत्या. त्यांचे स्क्रू काढले असते तर दार उचलता आले असते. परंतु स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजून गुळगुळीत झाल्या होत्या. उघडी खाच दिसणे त्याला कधी सहनच होत नसे. खिशातल्या पुट्टीच्या पट्टीने त्याने त्या कोरण्याचा यत्न केला. पट्टी वाकली मात्र.

अखेर तो बादली पालथी घालून तीवर बसला. नळ बंद होते. आणि त्या निःशब्दतेत त्याला तो आवाज ऐकू आला : बारीक, एकसुरी, दातांतून श्वास सोडावा तसा. त्याने पितळी तांब्या भिंतीला टेकवून त्याच्या बुडाला कान लावला. भिंतीच्या आत पाणी वाहत होते.

त्याने वर पाहिले. सासूबाईंना आधार असावा म्हणून त्याने भिंतीत एक लोखंडी दांडी बसविली होती. तिच्यासाठी पहिले भोक भलत्याच ठिकाणी पडले, म्हणून ते पुट्टीने बुजवून दांडी वीतभर सरकविली होती. नेमक्या त्या बुजविलेल्या जागी रंगाला पोट सुटले होते. रंग फाटत नव्हता, केवळ फुगत होता. कोंडलेले पाणी एकीकडे चौकटीत मुरून लाकूड फुगवीत होते, दुसरीकडे शिंप्याच्या छतात उतरत होते, आणि त्याला कोंडणारा स्वतःही त्याच्यासमवेत कोंडला गेला होता. त्याने दोन्ही तळहातांनी ते पोट दाबून धरले. ते हाताखालून सरकून बाजूला फुगले.

तेवढ्यात बाहेर मालकीणबाईंचा आवाज आला. “कुठे आहेत तुमचे मुलायम?”

“आत अडकलेत,” पत्नी म्हणाली.

“आंघोळीला हीच वेळ सापडली?”

प्लंबर खालून पाण्याचा मीटर पाहून आला होता. “सगळे नळ बंद आहेत, तरी मीटर फिरतोय,” तो म्हणाला. “म्हणजे तुमच्याच नळीला गळती आहे. कुठे, ते शोधायचं. अहो दादा, आत आहात तर जरा भिंतीला कान लावून सांगा. काही आवाज?”

मुलायमचे हात भिंतीवर होते आणि कान भिंतीपासून बोटभर दूर होता. नाही म्हटले, तर निदान आजचा दिवस निभावणार होता.

“नाही हो,” तो म्हणाला. “इकडे सगळं शांत आहे.”

“मग स्वयंपाकघर. तिथली फरशी उखडतो आधी.”

“उखडा,” पत्नी चटकन म्हणाली. “आमच्या ह्यांनी सांगितलं ना भिंत चांगली आहे, मग चांगलीच असणार. थांबा, डबे हलवते.”

डबे खणखणू लागले. सासूबाई कुरकुरत काहीतरी उचलू लागल्या. पहिला घाव पडण्यापूर्वी छिन्नी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि तो मुलायमला भिंतीतल्या पाण्यापेक्षाही असह्य झाला. पत्नीने इतक्या सहजपणे त्याचा शब्द खरा मानला होता.

“थांबा!” तो ओरडला. “स्वयंपाकघर नको! इथेच आहे. दांडीसाठी भोक पाडताना नळीला लागलं असणार. मी वरून रंग दिला. बाई, मी खोटं बोललो.”

त्याने वाकडी पट्टी उचलून रंगाचे ते पोट फाडले. गढूळ पाण्याचा लोट त्याच्या सदऱ्यावर आला.

“मुख्य कॉक बंद करा रे आधी!” मालकीणबाई गरजल्या.

प्लंबरने कॉक बंद केला आणि करवतीने दाराचा खालचा अर्धा भाग कापला. मुलायम रांगत बाहेर आला, तो नेमका मालकीणबाईंच्या चपलांसमोर.

“आता सदऱ्यालाही रंग देणार का?” सासूबाईंनी विचारले. पत्नीने टॉवेल पुढे केला आणि तोंड फिरविले.

मालकीणबाईंनी वाकून आत पाहिले. “फरशी फोडल्यावर सांगितलं असतंत, तर आजच बाहेर काढलं असतं,” त्या म्हणाल्या. “नळी बदला. भिंत उघडी ठेवा. रंगाचा एक थेंब लावायचा नाही. ती वाळली की मी हात लावून बघेन. तोपर्यंत तुमचं काही नक्की नाही.”

नळी बदलली गेली. शिंप्याच्या छताचे ठिबकणे थांबले. भिंतीच्या नागड्या विटा येताजाता दिसत आणि मुलायमचे हात शिवशिवत. दाराच्या जागी पडदा लागला. सासूबाई आत असल्या की कोणी येऊ नये म्हणून मोठ्याने खाकरत राहत. रोज स्नानापूर्वी तो विटांवर तळहात ठेवी आणि थंडावा जाणवला की आपले भवितव्यही तितकेच ओले आहे असे त्याला वाटे.

पुष्कळ दिवसांनी मालकीणबाई आल्या. त्यांनी वर, मध्ये, दांडीच्या आसपास हात फिरविला. “वाळलेली दिसते.”

मुलायम गप्प राहू शकला असता. त्याने खाली वाकून कोपऱ्यातल्या विटेवर बोट ठेवले. “इथे अजून ओल आहे, बाई.”

मालकीणबाईंनी तेथे हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“आहे खरी,” त्या म्हणाल्या. “मग हिच्यावर लक्ष ठेवायला इथे कोणीतरी राहायलाच हवं.”

पडद्याबाहेरून सासूबाई खाकरल्या. पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले, “अहो, बाईंना चहा टाकू का?”