खेपेमागं एक धोंडा

उन्हाळ्यात मुळशीच्या धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावातला रेल्वेचा बांध उघडा पडायचा. रूळ धरण बांधणाऱ्या कंपनीनं कधीच उपटून नेले होते. उरला होता मातीचा उंचवटा आणि भैरोबाच्या ठाण्याशी धोंड्यांची एक रास. ती बघायला सगुणाबाई दर वर्षी वरच्या वस्तीवरून खाली उतरायची.

रास तिच्या नवऱ्याची, कोंडाजीची. धरणासाठी खाणीपासून भिंतीपर्यंत छोटी रेल्वे टाकली, तेव्हा ज्यांचं गाव बुडणार त्यांनाच तिच्यावर मजुरी मिळाली. पोटापुढं कुणाचं काय चालतं? कोंडाजी दगडांच्या डब्यावर ब्रेक धरायचा. भैरोबापाशी गाडी हळू व्हायची, तिथं तो खेपेमागं एक धोंडा खाली लोटायचा. मुकादमाला वाटायचं, देवाचा मान असेल. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. दगड कमी पडतील, भिंत अपुरी राहील आणि गाव वाचेल, असा त्या भोळ्या जिवाचा डाव. भिंत उठायची ती उठलीच. पाणी गावात शिरलं त्या दिवशी तो शेवटच्या खेपेवर गेला तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही.

मधे एक पिढी उलटली, तरी सगुणाबाईनं कुंकू पुसलं नव्हतं. आता नात फुलाबाई शेजारच्या रिहे गावात द्यायची ठरली आणि पहिली हळद आजीच लावणार, असा पोरीनं हट्ट धरला. नवरदेवाकडची माणसं कुरकुरू लागली. हळद लावायची सवाशिणीनं, आणि ही कुठली सवाशीण? दीर हैबतराव वैतागून म्हणाला, वहिनी, एकदाचं काय ते ठरवा. म्हणून ती बांधावर आली. तोही मागोमाग आला.

रास दर वर्षी वाढते, असं ती सांगायची आणि लोक तिला वेड्यात काढायचे. आपला माणूस कुठंतरी जिवंत आहे, चोरून येऊन धोंडा ठेवून जातो, या आशेवर तिनं आयुष्य काढलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तिनं माथ्यावरच्या धोंड्याला शेंदूर फासून ठेवला होता.

आज शेंदूर दिसेना. हैबतरावानं वरचे धोंडे बाजूला केले, तेव्हा तो धोंडा खाली सापडला. वरच्या प्रत्येक धोंड्याखाली गाळाचा थर होता, म्हणजे राशीवर पाणी असतानाच ते तिथं पडले होते.

तेवढ्यात रूळ नसलेल्या बांधावर चाकांची घरघर आली. ब्रेक करकरला. वर कुणी नव्हतं, आणि एक धोंडा गडगडत येऊन राशीवर बसला. हैबतराव राशीपासून मागं सरकला. सगुणाबाईला भीती वाटली नाही, तिचा जीव मात्र तुटला. जिवंत माणूस एवढ्या वर्षांत घरी आला असता. हा अजून कामावर होता, गाव वाचवत होता.

"आवं, भिंत कवाच झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "गाव गेलं. लई वढलंत. आता उतरा खाली."

घरघर थांबली. तिनं पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि ती वर निघाली.

हळदीला ती कोपऱ्यात बसली. फुलाबाईनं वाटी पुढं केली, तशी तिनं हात पदराखाली घेतला.

"दुसरीला सांग, पोरी," ती म्हणाली. "तुजा आजा परवाच गेला."