तळफळ्यानं पाहिलेली सही

“हात पुरला पाहिजे लेकरांचा! रेघ वर नका घेऊ, खाली घ्या. अजून खाली!”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. तो सौदामिनीबाईंचा. बाई लातूरच्या. पदर खोचून उभ्या होत्या आणि रंगाऱ्याला दटावत होत्या. रंगारी कुरकुरला, “बाई, इतक्या खाली फळा कुठं असतो का?” बाई म्हणाल्या, “असतो. आजपासून असतो.”

आणि मी झालो.

मी एक जुना तळफळा आहे. इस्लापूरकडच्या एका लहान गावात एक सरकारी शाळा आहे, तिच्या भिंतीवर मी राहतो. मला चौकट नाही की खिळा नाही. भिंतीच्या पायथ्याला दिलेला काळा रंग, एवढंच माझं अंग. जमिनीपासून वीतभर वर सुरू होतो, मोठ्या माणसाच्या कमरेशी संपतो. बाईंनी उभ्या पांढऱ्या रेघा मारून माझे भाग पाडले आणि एकेका भागाच्या माथ्यावर एकेका मुलाचं नाव लिहिलं. ज्याचं नाव, त्याचा तेवढा फळा. कुणाचं शेत असो नसो, इथं प्रत्येकाच्या नावावर हातभर काळी जमीन होती!

त्या जमिनीत काय काय उगवलं म्हणून सांगू! एक पोर महिनाभर नुसत्या वाकड्या काठ्या ओढायचं. एके दिवशी त्या काठीला गाठ पडली, गाठीला कान फुटला आणि पोर ओरडलं, “बाई, क झाला!” मी हजारदा पाहिलं असेल हे. तरी दर वेळी माझ्या अंगावरचा खडू शहारतो. काल जी नुसती रेघ होती ती आज बोलते, ही काय साधी गोष्ट आहे?

बाहेर खिचडी शिजवणारी चांगुणाबाई पळी फिरवता फिरवता गायची,

काळ्या गं भिंतीवरी, पांढरी पाखरं
लेकराच्या हातातून, उडती अक्षरं

मला वाटायचं, ही ओवी माझीच.

मग एका वर्षी वरून कागद आला. मुलं कमी, म्हणून शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त. सौदामिनीबाईंची दुसऱ्या शाळेत रवानगी झाली. चांगुणाबाईची नात बुद्धप्रिया तेव्हा पहिलीत. तिनं शाळेत उरलेल्या एकट्या रविकांत गुरुजींना विचारलं, “गुरुजी, अतिरिक्त म्हंजे काय?”

“जास्तीचं, बाळा.”

“पण बाई तर एकच व्हत्या.”

गुरुजी माझ्याकडे वळले आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुसत राहिले.

त्या दिवसापासून चार वर्ग आणि एक माणूस. पहिलीला अक्षर द्यावं तर चौथीचा भागाकार अडतो. त्यात कधी प्रशिक्षण, कधी बैठक, कधी मोबाइलवर भरायची माहिती. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर, म्हणून गुरुजी टाकीवर चढायचे आणि तिथून ओरडायचे, “तिसरी, पाढे म्हणा! मी ऐकतोय!” खडूंची खोकी उशिरा येऊ लागली, मग येईनाशी झाली. विजेचं बिल थकलं, पंखा थांबला. मला दर उन्हाळ्यात नवा रंग मिळायचा, तोही बंद झाला. मी काळ्याचा राखाडी झालो, जागोजागी पोपडे धरले.

पण मित्रांनो, ऐका. मुलं थांबली नाहीत. चौथीतला एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरीतले दोन, अशी गुरुजींनी बसायची रीत घालून दिली होती. गुरुजी गावाला गेले तरी ती रीत चालायची. खडू संपला तर पोरं ओढ्यातली पांढरी माती आणून, तिच्या कांड्या वळून उन्हात वाळवायची. त्या कांड्या मला ओरखडायच्या. मी हू का चू केलं नाही. हे सगळं बघून भिंतीनं मान तुकवावी, तर भिंतीला मान कुठली?

याच काळात मला एक विद्यार्थिनी मिळाली. साठीची.

दुपारी मुलं घरी गेली की चांगुणाबाई खोली झाडायची. एकदा झाडू बाजूला ठेवून ती नातीच्या भागासमोर बसली. खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला. बुद्धप्रिया दारातून बघत होती.

“काय करून राहिली गं आज्जे?”

“काय न्हाई. भिताडाला विचारून राहिले, माझं नाव येतं का तुला म्हणून.”

नात हसली. तिनं मोठ्या अक्षरात ‘चांगुणा’ लिहून दिलं. आजी त्यावरून खडू फिरवू लागली. विळ्यानं, पळीनं घट्टे पडलेला तो हात माझ्यावर अडखळत चालायचा. कुणाची चाहूल लागली की पदरानं झटक्यात पुसून टाकायची. आठ महिने गेले. एका दुपारी तिनं न बघता, एका दमात नाव लिहिलं. मग माझ्यावर कपाळ टेकून बराच वेळ बसली. कपाळाला खडू लागला तो तसाच घेऊन घरी गेली.

इथंच माझी चूक झाली. मी तिला लिहायला शिकवलं, तेही एकच नाव. वाचायला शिकवायचं राहून गेलं.

चांगुणाबाई शाळेच्या समितीची अध्यक्ष होती. दुसरं कुणी बैठकीला बसायला तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तिला पुढं केलं होतं. पोरं तिला ‘अध्यक्षीणबाई, खिचडी वाढा’ म्हणून चिडवायची. एक दिवस केंद्रप्रमुख गुरुपादप्पा साहेब कागदांची चळत घेऊन आले. गुरुजी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेलेले. पालक जमले. साहेबांनी सवयीनं अंगठ्यासाठी शाईची डबी उघडून चांगुणाबाईपुढं सरकवली.

तिनं डबी बाजूला सारली. “शाई राहू द्या सायेब. पेन द्या.”

सगळे चकित! आठ महिन्यांचं गुपित उघडं झालं. पहिल्या कागदावर तिनं नाव लिहिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “आरं, ही तर मास्तरीण झाली की!” साहेबही खुशीत आले. “बाई, शाबास तुमची! या शेवटच्या कागदात काय आहे ते वाचून दाखवू का?”

“वाचते की मी,” चांगुणाबाई म्हणाली.

ती मला पाठ टेकून बसली होती. तिच्या खांद्यावरून कागद मला स्पष्ट दिसत होता. तिचे डोळे खालून वर, उजवीकडून डावीकडे, कुठंही फिरत होते. सगळे आदरानं तिच्याकडे बघत होते. मग तिनं मान हलवली आणि सही केली. त्या कागदावर लिहिलं होतं की आमची शाळा मोठ्या गावच्या शाळेत विलीन करायला समितीची हरकत नाही.

ओरडायला मला तोंड नव्हतं, मित्रांनो.

दोन महिन्यांनी हुकूम आला. नव्या वर्षापासून मुलांनी नऊ किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. मध्ये ओढा. पावसाळ्यात तो कुणाचं ऐकत नाही. आया म्हणाल्या, पोरी इतक्या लांब पाठवणार नाही. म्हणजे बुद्धप्रियाची शाळा तिसरीतच संपणार. आणि गावाचं बोट उठलं ते रविकांत गुरुजींवर.

“ह्यानंच लिहून दिलं असंल! घर मुरुडला हाय त्याचं. बदली पायजे व्हती त्याला!”

गुरुजींना कुणी चहा विचारेना. फाटकावर कोळशानं कुणीतरी ओंगळ शब्द लिहिले. गुरुजींनी ते स्वतःच्या रुमालानं पुसले. कागदाची प्रत त्यांच्या कपाटात होती. त्यावरची सही कुणाची ते त्यांनी पाहिलं होतं. पण ते एका शब्दानं बोलले नाहीत. मी आजवर खूप अक्षरं अंगावर घेतली. न लिहिलेलं एवढं मोठं अक्षर मात्र तेव्हाच पाहिलं.

चांगुणाबाईचं गाणं बंद झालं होतं. खिचडी खाली लागू लागली होती.

मित्रांनो, मी रंगाचा एक थर आहे. मला नवा हात मिळाला तर मिळेल, नाही तर एक दिवस भुकटी होऊन झडून जाईन. पण तुमच्या शाळेत कुणी हळू वाचत असेल, किंवा मुळीच वाचता येत नसेल, तर हसू नका. टाळ्याही घाईनं वाजवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि बोट धरून ओळ दाखवा. शाळा जपायची ती अशी. भिंती त्यानंतर.

गेल्या आठवड्यात साहेब शेवटच्या बैठकीला आले. खोली गच्च भरली. माणसं गुरुजींच्या अंगावर धावून आली. “बोल ना! किती दिवस गप बसणार?” गुरुजी खाली मान घालून उभे. साहेबांनी पिशवीतून कागद काढला, पण तो वर धरण्याआधीच मागून आवाज आला.

“त्यांना काय विचारून राहिले? मला विचारा.”

चांगुणाबाई उठली. बुद्धप्रियानं तिचा पदर धरला होता. तो सोडवून ती गर्दीतून वाट काढत पुढं आली.

“सही माझी हाय. गुरुजी त्या दिशी गावात बी नव्हते. त्यांच्या कपाटातल्या कागदावर माझं नाव मी बघितलं. त्यांना ठावं होतं, तरी माझी लाज राखली त्यांनी.” तिनं साहेबांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “मी म्हणले, वाचते. खोटं बोलले. मला नाव तेवढं लिहिता येतं सायेब, वाचता एक अक्षर येत न्हाई. टाळ्या पडल्या, अन् मला कबूल करायची शरम वाटली. आता समद्यांसमोर तो कागद वाचून दाखवा. हळू वाचा. मला समजंस्तोवर.”