आठ दिवसांचे ठोसे

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. छताच्या लोखंडी कडीला साखळीने टांगलेली, चामड्याची, चांगल्या दणकट माणसाच्या वजनाची. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला लांबून पाहिलं असेल, कुणी येताजाता एखादा गुद्दाही मारला असेल. त्याचा मला राग नाही. मार खाणं हाच माझा धंदा आहे.

माझा जन्मसुद्धा मारातूनच झाला. चामड्याच्या एका कारखान्यात दोन भावांनी मला शिवलं. धाकटा माझ्या पोटात चिंध्या कोंबायचा आणि थोरला लाकडी दांडक्याने त्या ठेचून ठेचून तळाशी बसवायचा. "अजून भर रे, अजून पोकळ वाजतेय," असं म्हणत त्याने मला अख्खा दिवस ठोकलं. संध्याकाळी त्याने मला जोरात एक ठेवून दिली, स्वतःचीच मूठ कळवळून झटकली आणि म्हणाला, "आता झाली."

तिथून मी या व्यायामशाळेत आले. खाली लोखंडी सामानाचं दुकान, अरुंद जिना, आणि वर हा लांबट हॉल. चालवणारे मास्तर तेव्हा तरुण होते. ते मुलांना मुष्टियुद्ध शिकवायचे आणि प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभं करायचे. काय काय सोसलं मी! एकाने माझ्यावर हाताची दोन हाडं मोडून घेतली. एक जण सामना हरून आला आणि रागाच्या भरात मला कडकडून चावला. त्याच्या दातांची खूण माझ्या अंगावर अजून आहे. पण जिंकून आलेली मुलंही मला मिठी मारायची, आणि मास्तर महिन्यातून एकदा माझ्या चामड्याला तेल चोळायचे. ते माझे मानाचे दिवस होते.

मग धावायची यंत्रं आली, भिंतभर आरसे आले. मुलांना ठोसे नको झाले, दंड फुगवून आरशात बघणं आवडू लागलं. मला चपलांच्या कपाटाजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्यावर लोक घामाचे टॉवेल वाळत टाकू लागले. तेल बंद झालं. चामडं सुकलं आणि बाजूची शिवण विरत गेली.

अशा पडत्या काळात एके संध्याकाळी घण आला.

त्याचं खरं नाव काय, कोण जाणे. तो जुन्या इमारती पाडायच्या कामावर होता, दिवसभर घण चालवायचा, म्हणून सगळे त्याला घणच म्हणत. तिशीचा, रुंद खांद्यांचा, डोळे सतत तांबारलेले. त्याने माझ्यावरचे टॉवेल ओढून फेकले आणि मला असं मारलं, की छताच्या कडीतून चुना गळाला. दर ठोशाला तो दातओठ खाऊन एकच शब्द म्हणायचा, "थांबा! थांबा! थांबा!" असं तो रोज करू लागला. तीन महिन्यांपूर्वी त्याची आई गेली होती, एवढंच मास्तरांना ठाऊक होतं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या बायकांच्या वेळेत, दोघी जणी जिना चढून आल्या. पुढची चाळिशीची, उजवा खांदा जरा खाली पडलेला. मागून तिची नणंद, हातात पाण्याची बाटली आणि तोंडाचा पट्टा चालू.

"वहिनी, अजून विचार कर. धापा टाकायला एवढा जिना चढून यायची काय गरज? घरी पाणी भरलंस तरी तेवढंच होतं."

"जरा गप्प बस गं," वहिनी म्हणाली आणि मास्तरांकडे वळली. "मला नक्की ठरवता येत नाहीये. इथे येऊन मला काही उपयोग होईल का?"

मास्तरांनी विचारलं, "उपयोग कशासाठी हवाय, ताई?"

तिने सांगितलं तेव्हा ती माझ्या अगदी जवळ उभी होती, म्हणून मी शब्दन् शब्द ऐकला. ती इस्पितळात परिचारिका होती. तीन महिन्यांपूर्वी एका रुग्णाच्या मुलाने तिला भर वॉर्डात मारलं होतं. आधी डोळ्यावर बुक्की, मग ती पडल्यावर लाथा, मग लोखंडी स्टूल उचलून खांद्यावर. दोन बरगड्या आणि खांद्याचं हाड मोडलं. तो गर्दीतून पळून गेला. आता हाडं जुळली होती, पण हात डोक्यापर्यंत जात नव्हता. तिला वॉर्डातून काढून औषधांच्या कोठारात बसवलं होतं. आणि मागे कुणाची पावलं वाजली की ती दचकून भिंतीला पाठ लावायची.

"मी त्याला फक्त 'थांबा' म्हणाले होते," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या पोटातल्या चिंध्या गार पडल्या. तो शब्द मी रोज संध्याकाळी अंगावर झेलत होते. पण मला कुठे तोंड आहे सांगायला?

मास्तर म्हणाले, "आठ दिवस येऊन बघा. मग नाव घालायचं की नाही ते ठरवा."

पहिल्या दिवशी तिने मला मारलं ते जेमतेम थोपटल्यासारखं. दुसऱ्या दिवशी जरा जोरात. चौथ्या दिवशी तिच्या आत कसलातरी बांध फुटला. ती मला मारत सुटली. हाताची सालं निघाली, माझ्या चामड्यावर रक्ताचे ठिपके उमटले, तरी ती थांबेना. नणंदेने धावत येऊन तिचे हात धरले.

"अगं, मारलं त्याने आणि चोपतेस हिला! हिने बिचारीने काय केलंय तुझं?"

वहिनी हसली नाही. "मला त्याला मारायचंय," ती म्हणाली. "एकदाच. मग माझी भीती जाईल."

"चेहरा तरी आठवतोय का त्याचा? पोलिसांना तर पाहिलाच नाही म्हणालीस."

वहिनी सोललेल्या हाताला फडकं गुंडाळू लागली.

सहाव्या दिवशी घणाचं काम बंद होतं, म्हणून तो दुपारीच आला. बायकांची वेळ संपायची वाट बघत तो दारापाशी बसला. तिने त्याला आरशात पाहिलं. तिचे हात लोंबकळले, तोंडावरचा रंग उडाला. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. वॉर्डात तिच्या तोंडावर मास्क होता, आणि त्या दिवशी त्याला धड दिसत तरी काय होतं! उलट तो उठून जवळ आला.

"ताई, अंगठा मुठीच्या आत घेऊ नका, मोडेल. असा बाहेर ठेवा. आणि जोर खांद्यातून नाही, पायातून आणा." त्याने माझ्यावर एक ठोसा मारून दाखवला.

ती तशीच जिना उतरून गेली. सातव्या दिवशी ती आलीच नाही.

आठव्या दिवशी ती आली. काम अजून बंदच होतं, म्हणून घणही आला होता. नणंद चपला काढत होती. वहिनी सरळ माझ्यापाशी आली आणि तिने मूठ वळली.

"आता बरोबर," घण कौतुकाने म्हणाला. "अंगठा बाहेर. मारा."

पहिला ठोसा तिने मला मारला. दुसराही मलाच. तिसऱ्याला ती पायावर गर्रकन वळली आणि तिची मूठ त्याच्या नाकावर बसली.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो मागच्या मागे लोखंडी वजनांवर कोसळला. ती त्याच्यावर धावून गेली. कानावर, दातांवर, गळ्यावर, जिथे हात पडेल तिथे मारत राहिली. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, तिच्या कोपरापर्यंत ते उडालं. मास्तर ओरडत आले. नणंदेने मागून तिच्या कमरेला मिठी घातली. "वहिनी, मरेल तो! सोड!"

घण कसाबसा उठला. त्याची मूठ वर गेली. ज्या मुठीने भिंती पडत, ती.

तिने तोंड पुढे केलं. "मार ना. तसंच मार. त्या दिवशी मास्क होता, आज नीट बघून मार."

मूठ हवेतच राहिली. "वॉर्डातल्या... तुम्ही?" मग त्याचा आवाज चिरकला. "माझी आई श्वासासाठी तडफडत होती, आणि तुम्ही थांबा म्हणालात! थांबा!"

"हो, म्हणाले! शेजारच्या खाटेवरचा माणूस काळानिळा पडला होता, म्हणून म्हणाले. त्याचा श्वास सुरू झाला आणि मी तुझ्या आईकडेच वळले होते. ऑक्सिजनची नळी माझ्या हातात होती. तू बघितलंस का ती? तू मला पाडलंस आणि नळी माझ्या अंगाखाली गेली. दुसरी सिस्टर धावत येईपर्यंत..."

 

घण माझ्याकडे वळला. त्याने मला जे मारलं, तसं मला आयुष्यात कुणी मारलेलं नाही. मुठींनी, गुडघ्यांनी, डोक्याने. आज तो काहीच म्हणत नव्हता. माझी विरलेली शिवण फाटली. त्याने दोन्ही हात आत घातले आणि मला उभं चिरलं. कारखान्यातल्या त्या दोन भावांनी भरलेल्या चिंध्या त्याच्या पायांवर ओघळल्या. त्या ढिगात तो गुडघ्यांवर बसला. त्याचं रक्त चिंध्यांवर ठिबकत होतं. "मीच," तो म्हणाला. "मीच."

परिचारिकेने आपले रक्ताळलेले हात पुसले. मग नणंदेला म्हणाली, "स्वच्छ टॉवेल आण गं." ती त्याच्यासमोर बसली, एक हात त्याच्या मानेवर ठेवला आणि दुसऱ्याने टॉवेल हलकेच नाकाला लावला.

"मान खाली घाल. मागे नको, रक्त घशात जाईल. तोंडाने श्वास घे. हळू."

ती सांगेल तसं तो करत गेला, लहान मुलासारखं.

"हाड सरकलंय, दाखवावं लागेल," ती म्हणाली. "आणि ऐक. पोलिसांना मी खोटं सांगितलं होतं. घाबरले होते. इस्पितळातले साहेबही म्हणाले, वाढवू नका. उद्या मी चौकीत जाऊन तुझा चेहरा सांगणार आहे. आज मी तुला मारलं, तेही सांगणार आहे."

टॉवेलच्या आतून तो म्हणाला, "उद्या कशाला? आत्ताच चला."

मास्तरांनी व्यायामशाळेला कुलूप लावलं आणि तेही बरोबर गेले.

घणाला शिक्षा झाली. न्यायालयात तिने सगळं सांगितलं, आणि त्याच दिवशी त्याची आई गेली होती, हेही न विसरता सांगितलं. मला वाटलं होतं, आता माझी रवानगी भंगारात. पण नणंद चपलांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिने जाड दोरा आणि दाभण आणला, दोन दुपारी खपून मला शिवलं, आणि सबंध वेळ मला बोलणीही खायला घातली.

ती शिवत असतानाच मास्तरांनी वहिनीला विचारलं, "ताई, आठ दिवस कधीच झाले. काय ठरलं? नाव घालायचं?"

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, त्याला मारलं की भीती जाईल. मारलं. गेली नाही हो. अजूनही पावलं वाजली की दचकते."

"मग राहू द्या."

"नाही, घाला नाव. हात डोक्यापर्यंत जायला लागलाय. वॉर्डात परत घेतलंय मला. परवा एका आजींना मी एकटीने उठवून बसवलं."

मित्रांनो, तुमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत नाव घालावं की नाही, असा विचार तुम्हीही कधी करत असाल. जरूर घाला. अंगात बळ आलं की ते उचलायला, सावरायला, धरायला कामी येतं. माझ्यासारख्या जुन्या बॅगेला अधूनमधून तेल चोळा, ओले टॉवेल दुसरीकडे टाका, आणि राग आला तर खुशाल माझ्याकडे या. मी सोशीन. पण माणसावर हात उगारण्याआधी एक क्षण थांबा, आणि त्याच्या हातात काय आहे, ते नीट बघा.