बेटावरचं दळण

मित्रांनो, गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. सोनपेठच्या अंगाला या गंगेच्या मधोमध एक ओसाड बेट आहे. तिथे बाभळीखाली वाळूत अर्धं रुतलेलं एक दगडी जातं दिसेल. ते जातं म्हणजे मी.

एका पाथरवटाने काळ्या दगडातून माझ्या दोन तळ्या घडवल्या, वरच्या तळीला खुंटा ठोकला आणि मला सोनपेठच्या बाजारात मांडलं. लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याने मला गाडीत घालून घरी नेलं. त्याची नवी नवरी बायनाबाई. तिने मला कुंकू लावलं आणि जोंधळ्याचा पहिला घास घातला. पुढे तिची लेक कमल तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझ्या घरघरीत झोपी जायची. लिंबाजीच्या जात्याचं पीठ लय मऊ, असं शेजारणी म्हणायच्या, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी बायनाबाईच्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. तिने तो पदराखाली झाकला. पण एकदा भाकरी उलटताना तिची बोटं तव्याला टेकली, भाजली, आणि तिला कळलंच नाही. जळका वास आला तो शेजारणीला. संध्याकाळपर्यंत गावभर एकच शब्द फिरला. रक्तपिती, म्हणजे महारोग.

पंचांनी फार वेळ लावला नाही. काठच्या सगळ्याच गावांचे असे रोगी त्या बेटावर सोडलेले होते. बायनाबाईनेही तिथेच राहावं, आणि तिच्या हाताखालच्या वस्तू तिच्याबरोबर जाव्यात, असं ठरलं. सहा वर्षांच्या कमलला आधीच राणीसावरगावला मामाकडे पाठवलं होतं. लिंबाजीने स्वतः मला उचलून होडीत ठेवलं.

बेटावर त्याने माझ्या तळ्या एकावर एक नीट बसवल्या. खुंटा हलवून पाहिला. तो जरा सैल होता, म्हणून दगडाने ठोकून घट्ट केला.

"घरी ठेवलं तर दळायला कुणी शिवंना," तो म्हणाला. "हितं तुला तरी कामाला यील."

तो होडीत बसला आणि त्याने मागे वळून पाहिलं नाही.

बेटावर पाच-सहा माणसं होती. ज्याची त्याची झोपडी वेगळी, आणि बोलायला कुणाला फारसं काही उरलेलं नव्हतं. काठावरची गावं आळीपाळीने धान्य पाठवायची. मुंजाजी भोई ते होडीतून आणायचा, वाळूवर टाकायचा आणि कुणी जवळ यायच्या आत होडी मागे लोटायचा. बायनाबाई ते धान्य घेऊन माझ्यापुढे बसायची, पण खुंटा हातात धरला आहे की सुटला आहे, हे तिच्या बोटांना उमगायचं नाही. पहिल्या महिन्यात ती कितीदा तरी दाणे तसेच भिजवून खाऊन निजली.

एके दुपारी शेजारच्या झोपडीतली मार्था तिच्यासमोर येऊन बसली. मार्था औरंगाबादकडच्या एका ख्रिस्ती वाडीतली कॅथलिक बाई. तिच्या हातांची बोटं झडली होती, पण मनगटात जोर होता. दोन्ही पंज्यांमध्ये खुंटा धरून ती म्हणाली, "तू घास घाल, मी वढते. दोघींचे मिळून दोन हात तर व्हतील."

तेव्हापासून मी रोज फिरू लागलो. मार्थाकडे जपाची माळ होती, पण मणी तिला धरता येत नसत. म्हणून बायनाबाई माझ्या तोंडात एक घास घाली आणि मार्था एक प्रार्थना म्हणे. दहा घास, म्हणजे माळेचे दहा मणी झाले की बायनाबाई क्षणभर थांबे. मार्थाची सगळी माळ अशी माझ्यातून दळून निघे. हळूहळू बायनाबाईही गायला लागली.

गंगा वाहते दोन्ही अंगांनी, मधी बेटाची वाळू,
मरियामाय, लेकीची वाट किती मी न्याहाळू.

उन्हाळ्यात नदी उतरली की महिन्यातून एकदा एक फादर येत. ते मूळचे वसईकडचे. मुंजाजी त्यांना होडीतून आणायचा आणि स्वतः होडीतच बसून राहायचा. फादर जखमा धुऊन बांधत, गोळ्या देत आणि बाभळीखाली मार्थासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, म्हणत. मिस्सेला लागणाऱ्या गव्हाच्या पातळ चकत्या, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची भाकर, ते गावाकडून डब्यात घेऊन येत.

एका वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, ते आले, आणि उतरताना पाय घसरून तो डबा पाण्यात पडला. आतल्या चकत्यांचा लगदा झाला. मार्थाचा चेहरा पार उतरला. वर्षभर ती या दिवसाची वाट पाहत होती. फादरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. त्यांनी विचारलं, मूठभर गहू असतील का?

गहू होते. पण दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"फादर, आमच्या हाताचं?" मार्था म्हणाली.

"तुमच्याच हाताचं, मावशी," फादर म्हणाले. "मी मागतोय ना."

बायनाबाईने माझ्या तळ्या उचलून धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ दळलं, पण त्या मूठभर गव्हाइतकं जपून कधीच दळलं नाही. पीठ आणि पाणी, एवढंच. बायनाबाईने तव्यावर पापडासारखी पातळ पोळी भाजली. फादरांनी बाभळीखाली ती दोन्ही हातांनी वर उचलली, प्रार्थना म्हटली, आधी स्वतः खाल्ली आणि मग मार्थाच्या जिभेवर ठेवली. मार्थाचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. बायनाबाई तिच्याशेजारी हात जोडून बसली होती. त्या हातांचं बेटाबाहेरच्या कुणी काही खाल्ल्याला तीन वर्षं झाली होती.

थोडी पोळी बाजूला ठेवलेली होती. मिस्सा संपल्यावर फादरांनी ती मोडून मुंजाजीला दिली. तो तुकडा हातात धरून मुंजाजी कितीतरी वेळ होडीत बसून राहिला. त्याने तो खाल्ला की नाही, ते मी पाहिलं नाही. पण पुढच्या खेपेला तो धान्याचं पोतं खांद्यावर घेऊन थेट झोपडीच्या दारापर्यंत आला.

दोन-तीन वर्षांनी ऐन पुरात मार्था गेली. नदी दोन्ही अंगांनी भरून चालली होती, फादर येणं शक्य नव्हतं. बेटावरच्या माणसांनीच तिला पुरलं, आणि बायनाबाईला जेवढ्या प्रार्थना पाठ झाल्या होत्या तेवढ्या तिने म्हटल्या. त्यानंतर माझ्यासमोरची जागा रिकामीच राहिली. बायनाबाई एकटी बसायची, एका हाताने घास घालायची, दोन्ही हातांनी ओढायची, मधेच थांबायची. गाणं मात्र बंद झालं.

फादरांच्या गोळ्यांनी गुण आला. एक दिवस मोठ्या दवाखान्यातून कागद आला. बायनाबाईचा रोग गेला होता, तिच्यापासून कुणालाही भय नव्हतं. ती कागद घेऊन मुंजाजीच्या होडीतून गावी गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. त्या आठवड्यात दळता दळता तिने मला सगळं सांगितलं. लिंबाजी तिला नदीकाठीच भेटला होता. त्याने वच्छलाबाई नावाच्या बाईशी दुसरं लग्न केलं होतं. तो रागावला नाही. कमलची सोयरीक ताडकळसला जुळायलीय, एवढंच त्याने मान खाली घालून सांगितलं. त्या लोकांना आईचा रोग कळला तर लग्न मोडणार होतं.

"म्या आले व्हते हे कुणाला सांगू नगा," असं बायनाबाईच त्याला म्हणाली होती.

लग्नाचा दिवस मुंजाजीकडून कळला. तिने त्याला सोनपेठहून हळकुंडं आणायला लावली, ती दगडाने फोडली आणि माझ्यापुढे बसली. लग्नाची हळद पाच सवाष्णींनी गाणी म्हणत दळायची असते. इथे ती एकटीच होती. दिवसभर दळून ओंजळभर हळद झाली. ती फडक्यात बांधून तिने मुंजाजीच्या हातात दिली, आणि एवढंच म्हणाली, "न्हाई घेतली तर गंगंत सोडून दे. भांडू नगंस."

मुंजाजी दुसऱ्या दिवशी आला. होडी न बांधताच तो सांगू लागला. मुंजाजीच्या हातातली पुरचुंडी कुणाची ते लिंबाजीने ओळखलं, पण हात पुढे केला नाही. आत बाया जमल्या होत्या. वच्छलाबाई दारात आली आणि काय आणलंय ते विचारलं. मुंजाजी म्हणाला, गंगंतून हळद आलीय. तिला समजलं. तिने पदर पसरून पुरचुंडी घेतली, आधी चिमूटभर स्वतःच्या गालाला लावली आणि मग कमलजवळ जाऊन बसली.

"आदी हीच लागंल," एवढंच ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग ती कमलच्या कानाशी काहीतरी बोलली. पोरीने मान उचलून नदीकडे पाहिलं.

बायनाबाईने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

सन साठमध्ये बेट रिकामं झालं. कुणी बरे झाले, कुणी दवाखान्यात गेले. बायनाबाई फादरांच्या ओळखीने ख्रिस्ती सिस्टरांच्या दवाखान्यात रोग्यांचा स्वयंपाक करायला गेली. मला उचलणं कुणाला शक्य नव्हतं. निघताना तिने माझ्या वरच्या तळीवर दोन्ही तळहात ठेवले, आणि ते उचलायला तिला बराच वेळ लागला. तेव्हापासून मी इथे आहे. दर पुराला थोडा आणखी रुततो.

मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. दगडाला वाळू काय आणि ओसरी काय. पण मित्रांनो, तुमच्या गावात कुणाला असं दूर ठेवलं असेल, तर त्याच्याकडे नुसतं द्यायला जाऊ नका. बेटावर धान्य देणारी गावं पुष्कळ होती, पण मागायला एकच माणूस आला. तुम्ही जाल तेव्हा दारात बसा, आणि त्याच्या हातची भाकरी मागून खा.